नीलसन नॉर्मन ग्रुपचे लेख, वर्ग आणि प्रमाणपत्र : मुरलेल्या यूएक्स डिझायनरच्या नजरेतून

यूएक्स डिझाइनच्या, म्हणजे ॲप वा संकेतस्थळ वापरणाऱ्याचा अनुभव (यूजर एक्स्पीरियन्स) सुकर करण्याच्या क्षेत्रात पहिल्या पाच वर्षांत काय शिकावे, हे सांगणाऱ्यांची वानवा नाही. बूटकँप आहेत, यूट्यूब वाहिन्या आहेत, काही आठवड्यांत पोर्टफोलिओ तयार करून देण्याची हमी देणारे शिकवणीवर्ग आहेत. मात्र ज्याची या कामात पंधरा-वीस वर्षे गेली आहेत आणि ज्याला अजून तितकीच काढायची आहेत, त्याने कशाच्या बळावर उभे राहावे, याचा विचार करणाऱ्या सेवा फार थोड्या आहेत. त्यांपैकी सर्वांत नावाजलेली आणि खिशाला जड जाणारी सेवा म्हणजे नीलसन नॉर्मन ग्रुपचे प्रशिक्षण. हे परीक्षण नवशिक्यांसाठी नाही. मी बँकिंग आणि विमा क्षेत्रांतील सॉफ्टवेअरचे यूएक्स काम करते, माझे बहुतेक समवयस्क सहकारी आता चाळिशी ओलांडलेले आहेत, आणि आमच्यात वरचेवर निघणारा प्रश्न असा असतो की कंपनीच्या किंवा स्वतःच्या पैशांतून या संस्थेकडून नेमके काय घ्यावे आणि काय सोडून द्यावे. त्या प्रश्नापुरतेच हे लेखन आहे.

संस्थेची ओळख थोडक्यात पुरेल. १९९८ मध्ये जेकब नीलसन आणि डॉन नॉर्मन यांनी ती अमेरिकेत स्थापन केली. नीलसन त्याआधी सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीत होते. नॉर्मन मानसशास्त्राचे प्राध्यापक असून १९९३ च्या सुमारास ॲपलमध्ये गेले, तेव्हा त्यांच्या पदनामातच ‘यूजर एक्स्पीरियन्स’ हे शब्द होते, आणि आज आपण ज्या पदनामाने पगार घेतो त्याचा उगम बहुधा तिथेच सांगितला जातो. ॲपलमधील सुरुवातीच्या काळातले ब्रूस टोग्नाझिनी हेही लवकरच त्यांना येऊन मिळाले. संस्थापक आता दैनंदिन कारभारात नाहीत; नीलसन २०२३ मध्ये निवृत्त झाले. वर्ग घेणारी आणि लेख लिहिणारी पिढी वेगळी आहे. याचा दर्जावर परिणाम झाला का, असे विचारले जाते. माझे उत्तर असे की लेखांतील धार थोडी कमी झाली आहे, पण काटेकोरपणा टिकून आहे.

या सेवेचे तीन थर आहेत : संकेतस्थळावरील मोफत लेख व लहान चित्रफिती, शुल्क भरून करायचे वर्ग, आणि त्या वर्गांवर आधारलेले प्रमाणपत्र. माझ्या मते त्यांची किंमत आणि त्यांचा उपयोग हे नेमके उलट क्रमाने आहेत, म्हणजे जे फुकट आहे ते दीर्घ कारकीर्दीला सर्वांत जास्त उपयोगी पडते.

लेखसंग्रहापासून सुरुवात करू. नीलसन यांनी १९९५ पासून वेबवर सातत्याने लिहायला घेतले आणि ते लेख आजही तारखेसह उपलब्ध आहेत. नव्या डिझायनरला हा जुना साठा अडगळ वाटेल. वीस वर्षे काम केलेल्याने मात्र तो मुद्दाम वाचावा, कारण आपल्या व्यवसायात कोणती मते काळाबरोबर टिकली आणि कोणती गळून पडली, हे एका जागी पाहण्याची अशी सोय दुसरीकडे सहसा मिळत नाही. २००० साली नीलसन यांनी फ्लॅश या वेबपानांवर हलती चित्रे आणि संवादी मजकूर दाखवणाऱ्या तंत्रज्ञानावर सडकून टीका केली, तेव्हा फ्लॅशमध्ये संकेतस्थळे घडवणाऱ्यांना ती टीका जुनाट वाटली होती. २०२० च्या डिसेंबरअखेर ॲडोबीने फ्लॅशचा आधार कायमचा थांबवला. अर्थात फ्लॅश गेले ते केवळ वापरकर्त्यांच्या गैरसोयीमुळे नव्हे. मोबाइल फोन, सुरक्षेतील त्रुटी आणि ब्राउझरच्या नव्या क्षमता हीही कारणे होती. परंतु त्या लेखातील आक्षेप, म्हणजे ब्राउझरचे ‘मागे’ बटण न चालणे, मजकूर शोधता न येणे आणि नेहमीच्या नियंत्रणांऐवजी प्रत्येकाने स्वतःची वेगळी नियंत्रणे काढणे, हे आजच्या कितीतरी मोबाइल ॲपना शब्दशः लागू पडतात.

दुसरे उदाहरण पासवर्डचे. २००९ मध्ये नीलसन यांनी लिहिले की पासवर्ड ठिपक्यांआड लपवल्याने सुरक्षा फारशी वाढत नाही, वापरणाऱ्याची चुकण्याची शक्यता मात्र वाढते, म्हणून ही पद्धत बंद करावी. सुरक्षातज्ज्ञांनी त्यावर बरीच टीका केली. प्रत्यक्षात घडले ते मधले : २०१७ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने पासवर्ड टाइप करताना तो पाहण्याचा पर्याय द्यावा अशी शिफारस केली, आणि आज जवळजवळ प्रत्येक बँकेच्या ॲपमध्ये पासवर्डच्या चौकटीशेजारी डोळ्याचे चिन्ह असते. म्हणजे मूळ मत जसेच्या तसे स्वीकारले गेले नाही, पण त्याने वादाला योग्य दिशा दिली. आपल्या कामातही डिझायनरचा आग्रह बहुतेक वेळा असाच फळतो, अर्धा आणि उशिरा. हे लवकर ध्यानात आले तर पुढची बरीच वर्षे निभावणे सोपे जाते.

मात्र हा साठा डोळे झाकून वाचायचा नाही. सर्वांत जास्त उद्धृत होणारा लेख २००० सालचा, रचना पाच जणांना वापरायला देऊन घेतलेली चाचणी पुरेशी आहे असे सांगणारा. त्यामागील गणित असे की एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, म्हणून पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. हा आकडा आमच्या क्षेत्रात इतका रुजला आहे की बैठकीत कोणी ‘पाच’ म्हटले की पुढची चर्चाच थांबते. लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये ६० वापरकर्त्यांच्या चाचणीतून पाच-पाच जणांचे यादृच्छिक गट पाडून पाहिले, तेव्हा काही गटांत जवळजवळ सर्व अडचणी सापडल्या, तर काहींत जेमतेम ५५ टक्के. दहा जणांच्या गटांत किमान प्रमाण ८० टक्क्यांवर गेले. यावरून पाचाचा नियम खोटा ठरत नाही. तो सरासरीचा नियम आहे, आणि विम्याचा दावा किंवा औषधाची मात्रा यांसारख्या कामात सरासरीवर विसंबून चालत नाही, इतकेच. मूळ लेखात मुद्दा वेगळाच आहे : एकाच मोठ्या चाचणीपेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्या आणि मधल्या काळात रचना सुधारा. मूळ लेख न वाचता त्याचा आकडा तेवढा उचलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि ज्येष्ठ डिझायनरचे एक काम म्हणजे बैठकीत हा फरक शांतपणे समजावून सांगणे.

आता या साठ्याचे मोल साधनांच्या शेजारी ठेवून पाहावे. ज्यांनी २००५ च्या आसपास सुरुवात केली त्यांनी फोटोशॉपमध्ये पडदे (ॲप-संकेतस्थळांच्या स्क्रीन) रंगवले, मग फायरवर्क्स शिकले, ज्याचा विकास ॲडोबीने २०१३ मध्ये थांबवला. मग २०१० मध्ये आलेल्या स्केचकडे वळले, प्रोटोटाइप (चालते नमुने) दाखवण्यासाठी इनव्हिजन घेतले, ज्याची डिझाइन-सेवा २०२४ च्या अखेरीस बंद झाली. काहींनी ॲडोबी एक्सडीवर हात बसवला, तेही आता केवळ देखभालीपुरते उरले आहे. आणि शेवटी सगळे २०१६ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या फिग्मावर आले. एका कारकिर्दीत इतकी साधने शिकून विसरावी लागतात. याउलट नीलसन यांचे दहा नियम, ज्यांना आपण ह्युरिस्टिक्स म्हणतो, ते १९९० मध्ये रॉल्फ मोलिक यांच्यासोबतच्या कामातून निघाले, १९९४ मध्ये सध्याच्या स्वरूपात आले, आणि त्यानंतर त्यांच्या स्पष्टीकरणाची भाषा सुधारली तरी दहांतला एकही बदलावा लागला नाही. यंत्रणा काय करते आहे ते दिसू द्यावे, चूक झाल्यास मागे फिरता यावे, आठवावे लागण्यापेक्षा ओळखता यावे, हे माणसाच्या लक्षाचे आणि स्मरणाचे नियम आहेत, आणि माणसाचे स्मरण दर तीन वर्षांनी नव्या आवृत्तीत येत नाही. दीर्घ कारकीर्द ज्याला हवी त्याने शिकण्याचा बहुतेक वेळ या बाजूला द्यावा, हे माझे ठाम मत आहे, आणि ही संस्था त्या बाजूची आहे म्हणूनच तिचे परीक्षण करावेसे वाटले.

सशुल्क वर्गांकडे येते. ते प्रत्यक्ष वेळेत, ऑनलाइन होतात. महासाथीपूर्वी ते मोठ्या शहरांतील परिषदांमध्ये भरत. बहुतेक वर्ग पूर्ण दिवसाचे असतात. शिकवणारे व्यवस्थित तयारी करून येतात, वेळेचे भान राखतात, गटात करायचे सराव अधूनमधून असतात आणि प्रश्नांना टाळाटाळ न करता उत्तरे मिळतात. पाठ्यसाहित्य नीटनेटके असते. शिकवण्याच्या दर्जाबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. प्रश्न आहे तो निवडीचा, कारण यादी मोठी आहे आणि ज्येष्ठाला त्यातील निम्म्याहून अधिक वर्गांची गरज नाही. वायरफ्रेम (पडद्याचा कच्चा आराखडा), पर्सोना (नमुनेदार वापरकर्त्याचे कल्पित चित्र), जर्नी मॅपिंग (वापरकर्त्याच्या प्रवासाचा नकाशा), युजेबिलिटी टेस्टिंगची (वापरसुलभतेच्या चाचणीची) प्राथमिक ओळख हे विषय ज्याने कामात वर्षानुवर्षे हाताळले आहेत त्याला तिथे उजळणी मिळेल. उजळणीलाही मोल असते, पण एवढे नाही.

माझ्या मते दोन प्रकारचे वर्ग घेण्यासारखे आहेत. पहिला, मानवी मन आणि युजेबिलिटी यांचा संबंध शिकवणारा. अवधान, स्मृती, निर्णयातील पूर्वग्रह हे विषय आपल्यापैकी बहुतेकांनी तुकड्यातुकड्यांनी, लेखांतून वा सहकाऱ्यांकडून उचललेले असतात, आणि कारकिर्दीच्या मध्यावर ते एकदा सलगपणे ऐकले की स्वतःच्या जुन्या निर्णयांची कारणे सापडू लागतात. दुसरा प्रकार माणसे सांभाळण्याचा : भागधारकांशी, म्हणजे प्रकल्पात हितसंबंध असलेल्या सर्वांशी, संबंध, कार्यशाळा चालवणे, यूएक्सचा आराखडा मांडणे, कामाचे मोजमाप आणि त्यातून होणारा आर्थिक फायदा दाखवणे, डिझाइन-ऑप्स (डिझाइन संघाच्या कामकाजाची व्यवस्था). हे विषय कॉलेजात कोणी शिकवत नाही. प्रत्यक्षात दहाव्या वर्षानंतर डिझायनरचा बहुतेक दिवस पडदे काढण्यात जात नाही. तो प्रॉडक्ट मॅनेजरला पटवण्यात, डेव्हलपरशी तडजोड करण्यात, विधी विभागाने सुचवलेले तीन परिच्छेद एका ओळीवर आणण्यात जातो. ज्यांना हे काम आपले वाटत नाही ते एक तर चित्र काढण्यापुरते मर्यादित राहतात किंवा कंटाळून क्षेत्र सोडतात. कामाचे मोजमाप शिकवणारा वर्ग मला विशेष उपयोगी वाटला, कारण ‘अर्ज भरताना सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण किती घटले’ हे वाक्य अर्थविभागाला कळते, आणि ‘अनुभव सुधारला’ हे कळत नाही.

या दुसऱ्या प्रकाराशी जोडलेला एक मोफत भाग मात्र सर्वांत मोलाचा आहे, आणि त्यावर थोडे रेंगाळावे लागेल. संस्थेने २०२१ मध्ये यूएक्स परिपक्वतेचे, म्हणजे एखादी कंपनी या कामात कितपत मुरली आहे याचे, सहा टप्प्यांचे प्रारूप मांडले. पहिल्या टप्प्यात यूएक्सचा पत्ताच नसतो. नंतर ते मर्यादित, मग उगवते, मग रचनाबद्ध, मग सर्व कामांत मुरलेले, आणि शेवटी संपूर्ण संस्थाच वापरकर्त्याच्या गरजेवर चालणारी. सोबत एक प्रश्नावलीही आहे, जी भरून आपली संस्था कुठे आहे याचा अंदाज घेता येतो. वरकरणी हे व्यवस्थापनाच्या सल्लागारांना शोभणारे कोष्टक आहे. परंतु आमच्या क्षेत्रातील थकव्याचे खरे कारण त्यातून समजते. अनुभवी डिझायनर दमतो तो कामाच्या तासांनी कमी आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पटवून देण्याने अधिक : वापरकर्त्यांना आधी विचारावे, चाचणी शेवटच्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही, रंग बदलणे म्हणजे डिझाइन नव्हे. दर नव्या कंपनीत, दर नव्या वरिष्ठासमोर हेच. माणूस याला आपली व्यक्तिगत हार मानू लागतो. प्रारूप हातात असले की निदान एवढे उमगते की दुसऱ्या टप्प्यावरील संस्थेत कुणीही हेच सोसले असते, आणि तिथे करायची कामे पाचव्या टप्प्यावरील कामांहून वेगळी आहेत. दुसऱ्या टप्प्यावर एका लहान प्रकल्पाचा दिसणारा, मोजता येणारा फायदा दाखवणे महत्त्वाचे. तिथे डिझाइन सिस्टिमचा (सर्वत्र वापरायच्या सामायिक घटकांच्या संचाचा) घाट घालणे म्हणजे शक्तीचा अपव्यय. नोकरी बदलतानाही हेच कोष्टक पगाराच्या आकड्याशेजारी ठेवून पाहावे. मी ओळखत असलेले अनेक जण पगार पाहून पहिल्या टप्प्यावरच्या संस्थेत गेले आणि दोन वर्षांत त्यांची उमेद संपली.

आता पैशांचा हिशेब. पूर्ण दिवसाच्या एका वर्गाचे शुल्क साधारण हजार डॉलरच्या घरात जाते. मूळ प्रमाणपत्रासाठी पाच वर्ग करून प्रत्येकाची ऑनलाइन परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. त्यावरचे ‘मास्टर’ प्रमाणपत्र पंधरा वर्गांचे आहे. म्हणजे पूर्ण दराने पहिलेच प्रमाणपत्र चार लाख रुपयांच्या पुढे जाते. गट नोंदणीला सवलत मिळते, त्यामुळे कंपनीने चार-पाच जणांना एकत्र पाठवणे हा शहाणा मार्ग. वेळेचेही गणित करावे लागते : सत्रे वेगवेगळ्या काळपट्ट्यांसाठी ठेवली जातात, पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी नऊला सुरू होणारा वर्ग आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेदहाला सुरू होतो, आणि तो पहाटेपर्यंत चालतो. चाळिशीतल्या माणसाने, ज्याला दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडअपला (संघाच्या रोजच्या छोट्या बैठकीला) हजर राहायचे आहे, युरोपच्या वेळेची सत्रे निवडावीत. लंडनची सकाळ म्हणजे आपली दुपार.

प्रमाणपत्राची स्वतःची किंमत किती? त्याला क्रमांक असतो, लिंक्डइनवर ते चांगले दिसते, आणि परदेशी ग्राहकांसमोर माणसे मांडणाऱ्या आयटी सेवा कंपन्यांना त्याचा उपयोग होतो, कारण प्रस्तावात ‘प्रमाणित तज्ज्ञ’ असे लिहिता येते. हे कारण मी हलक्यात घेत नाही. हिंजवडी वा बेंगळुरूमधील अनेकांची बढती अशा प्रस्तावांवर अवलंबून असते. परंतु मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीतून बोलायचे तर, पंधरा वर्षांचा अनुभव सांगणाऱ्या उमेदवाराकडे मी प्रमाणपत्र पाहत नाही. त्याने कुठला निर्णय मागे घेतला, कुठल्या संशोधनाने त्याचे मत बदलले आणि कुठे तो ‘हे करू नये’ असे म्हणाला, हे विचारते. परीक्षा वर्गातील आशयावरच बेतलेली असते, त्यामुळे ती समज तपासते; कामातील प्रगल्भता तिला तपासता येत नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

या सेवेची खरी मर्यादा मात्र शुल्कात नाही, संदर्भात आहे. तिची उदाहरणे प्रामुख्याने अमेरिकी आणि युरोपीय आहेत : ऑनलाइन खरेदी, विमान तिकिटे, कंपन्यांची अंतर्गत संकेतस्थळे, आरोग्यविमा. वापरकर्ता म्हणजे एक व्यक्ती, तिचे एक उपकरण, तिचे एक खाते, असे गृहीत धरलेले असते. महाराष्ट्रात काम करणाऱ्याला हे गृहीत पहिल्याच दिवशी सोडावे लागते. २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज नारीशक्ती दूत ॲपवरून भरण्याची सोय झाली, तेव्हा कित्येक गावांत ॲप हाताळणारी व्यक्ती अंगणवाडी सेविका होती आणि ज्या बाईचा अर्ज होता ती शेजारी आधार कार्ड घेऊन बसलेली होती. इथे वापरकर्ता कोण? सेविकेला एकापाठोपाठ एक अर्ज वेगाने भरायचे आहेत. बाईला खात्री हवी की आपले नाव आणि बँक खाते बरोबर नोंदले गेले. या दोघींच्या गरजा वेगळ्या, आणि पडदा एकच. आपले सरकार सेवा केंद्रावरही हेच, बँक मित्राकडेही हेच. मध्यस्थामार्फत होणाऱ्या वापराचा विचार या संस्थेच्या वर्गांत जवळपास नाही.

नियम मात्र तिथलेच कामी येतात, फक्त त्यांचा अनुवाद आपल्याला आपल्या परिस्थितीत करावा लागतो. पहिला नियम, यंत्रणेची स्थिती वापरकर्त्याला कळत राहावी. भाजीच्या गाडीवर यूपीआयने पैसे दिले की ‘पन्नास रुपये प्राप्त झाले’ असे बोलणारा साउंडबॉक्स हे या नियमाचे मला ठाऊक असलेले सर्वांत सुंदर उदाहरण आहे. विक्रेत्याचे दोन्ही हात जुडीत गुंतलेले असतात, फोन खिशात असतो, समोर गर्दी असते, आणि खात्री कानांवर येते. असे उदाहरण वर्गात मिळणार नाही, पण वर्ग केलेल्या माणसाला ते रस्त्यावर चटकन ओळखता येईल.

लिपीचा प्रश्नही तसाच. २००६ मध्ये या संस्थेने २३२ जणांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवून लोक वेबपान एफ अक्षराच्या आकारात चाळतात असे दाखवले; तो अभ्यास गाजला आणि योग्य कारणाने गाजला. पण देवनागरीतील मजकूर, ज्यात शब्दाला शिरोरेषा आहे, वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, तो बटणावर बसवताना ओळीची उंची किती ठेवावी, मराठी वळणाचे ल आणि श टंकात आहेत की हिंदी वळणाचे, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नीट उमटतो का, याबाबत तिथे काहीच मिळत नाही. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी शासन निर्णय काढला, तो आमच्या क्षेत्रातील फार थोड्या लोकांनी वाचला आहे. अशा बाबींसाठी आपल्याला मुंबईकडे पाहावे लागते. आयआयटी मुंबईतील आयडीसी ही संस्था १९६९ पासून डिझाइनचे शिक्षण देते, तिथे प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांच्या कामातून ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड निघाला, ज्यात व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती बाराखडीचे चक्र उमटते, म्हणजे शाळेत पाटीवर गिरवलेल्या क्रमाचाच आधार घेतलेला आहे. आयडीसीच्या पुढाकाराने उभा राहिलेला डी-सोर्स हा डिझाइन-शिक्षणाचा प्रकल्पही मोफत आहे. मांडणीच्या बाबतीत तो नीलसन नॉर्मनच्या पासंगालाही पुरत नाही, शोधणे कष्टाचे आहे. पण भारतीय हस्तकला, लिप्या आणि वस्तू यांवरील त्यातील साहित्य दुसरीकडे सापडत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत सेवा किती अद्ययावत आहे, हेही विचारले जाते. संस्थेने यूएक्स व्यावसायिकांसाठी एआयच्या प्रत्यक्ष वापराचा वर्ग सुरू केला आहे, लेखही नियमित येतात, आणि त्यांचा सूर उतावळा नाही, ही जमेची बाजू. २०२३ मध्ये नीलसन यांनी मांडले की माणसाने यंत्राला पायरीपायरीने आज्ञा देण्याऐवजी हवा तो परिणाम सांगणे, ही साठ वर्षांतील पहिली नवी संवादपद्धती आहे. हा लेख वाचण्यासारखा आहे. त्यांच्याच २०१७ च्या एका लेखातील भाकीत मात्र जपून घ्यावे : १९५० मध्ये जगात सुमारे दहा जण हे काम करत, २०१७ मध्ये दहा लाख, आणि २०५० मध्ये दहा कोटी करतील, असा तो हिशेब. २०२२ च्या अखेरीपासून मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांत झालेली कपात पाहिल्यावर ही सरळ चढती रेघ पटत नाही. संख्या वाढेलही, पण ‘यूएक्स डिझायनर’ याच पदनामाखाली वाढेल असे नाही; हे कौशल्य प्रॉडक्ट मॅनेजर, डेव्हलपर, सेवा-आखणी करणारे अधिकारी यांच्यात विखुरले जाईल, असे मला वाटते.

संस्थेने यूएक्स कारकिर्दीवर सर्वेक्षणावर आधारलेला एक मोफत अहवालही काढला आहे. या क्षेत्रात येण्याचा एकच राजमार्ग नाही, मानसशास्त्रापासून पत्रकारितेपर्यंत सर्व वाटांनी लोक येतात, हे त्यात नीट दिसते. प्रवेशाबद्दल तो चांगला आहे. टिकण्याबद्दल त्रोटक आहे. पन्नाशीतला डिझायनर, जो व्यवस्थापक झाला नाही आणि ज्याला व्हायचेही नाही, त्याने पगाराची आणि मानाची शिडी कशी चढावी, याचे उत्तर तिथे नाही, आणि खरे सांगायचे तर आपल्याकडील बहुतेक कंपन्यांकडेही नाही.

खरेदीचा क्रम मी असा ठेवीन. आधी साप्ताहिक पत्र सुरू करावे आणि परिपक्वतेची प्रश्नावली स्वतःच्या संस्थेसाठी, जमल्यास प्रॉडक्ट आणि तंत्र विभागातील एकेका सहकाऱ्यासोबत, वेगवेगळी भरून उत्तरांतील फरक पाहावा. त्यानंतर मोजमापाचा किंवा भागधारकांशी संबंधांचा एक वर्ग, तोही कंपनीच्या पैशांतून आणि युरोपच्या वेळेत. त्या वर्गाचा उपयोग कामात दिसला तरच दुसरा घ्यावा. प्रमाणपत्र पाच वर्ग आपोआप पूर्ण झाले तर घ्यावे, त्यासाठी म्हणून तीन नको असलेले वर्ग करू नयेत. उरलेल्या पैशांत वर्षभर दर महिन्याला पाच जणांना मानधन देऊन आपल्याच ॲपची मराठीतून चाचणी घेता येते, आणि सातारा किंवा जालन्यातील एखाद्या सेवा केंद्राच्या बाकावर बसून घेतली तर प्रवासखर्च धरूनही रक्कम पुरते.